लग्न मोडल्याचा आहेर

"चहा वॉशिंग मशीनवर ठेवू नका, खोक्याला डाग पडेल," बहगतची बायको अतियात म्हणाली.

वसुलीला आलेल्या रमझीने पेला उचलला आणि तो ठेवायला दुसरी जागा शोधू लागला. जागा नव्हती. तो स्वतः शेगडीच्या खोक्यावर बसला होता. पाठीशी फ्रीज होता, तोही खोक्यात. भिंतीलगत छतापर्यंत ब्लँकेटं रचलेली होती, आणि काचेच्या पेल्यांचे इतके संच होते की सगळ्या कफ्र अल-तूत गावाला एका वेळी सरबत पाजूनही दोन-चार पेले उरले असते. शेवटी त्याने पेला हातातच धरला आणि चेहरा कडक करायचा प्रयत्न केला. चटका बसत असताना ते जमत नाही.

"बहगतकाका, रक्कम वाढलीय."

"गेल्या वेळेलाही वाढली होती."

"आता त्याच्यावर दंड लागलाय. आणि दंडावर व्याज."

"आणि त्या व्याजावर?"

रमझीने कागद नीट पाहिला. "त्याच्यावर परत दंड," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

बहगत पाणीपुरवठा कचेरीत मीटर वाचायचा. नळ बंद असताना मीटर फिरल्याचं त्याने सबंध नोकरीत पाहिलं नव्हतं. या कर्जाच्या कंपनीचं मात्र रात्रंदिवस फिरत होतं, शुक्रवारची सुट्टीसुद्धा घेत नव्हतं.

"महिनाअखेरपर्यंत सगळे भरा," रमझी हळू आवाजात म्हणाला, "नाहीतर तुम्ही सही केलेला तो कोरा कागद कोर्टात जाईल. कोर्टात गेला की माणूस आत जातो, काका. मला आवडतं म्हणून सांगत नाही. मला हे सांगायचा पगार मिळतो."

कर्ज काढलं तेव्हा बहगतचा हिशेब अगदी चोख होता. कफ्र अल-तूतमध्ये लग्नाचा आहेर रोख देतात, आणि देणाऱ्याचं नाव आणि आकडा मांडवात माईकवर पुकारतात. जो देतो, त्याच्या घरी कार्य निघालं की त्याचे पैसे वर थोडी भर घालून परत येतात. कुणी लिहून ठेवत नाही, कारण माईकवर पुकारलेलं विसरायची सोय गावात कुणालाच नाही. बहगतने जन्मभर एकही मांडव सोडला नव्हता. त्याला एकुलती एक मुलगी. म्हणजे त्याची सगळी कमाई गावातल्या घराघरांत पडून होती, आणि नहलाच्या लग्नात ती एकदमच घरी यायची होती. तोवर कंपनीचं कर्ज काढायचं, मुलीचं सामान घ्यायचं, लग्न लावायचं, आहेरातून कर्ज फेडायचं. गावातला प्रत्येक बाप असंच करतो.

घोटाळा एवढाच झाला की नहलाने लग्न मोडलं.

नवरामुलगा वाइल दिसायला बरा होता, बोलायला गोड होता आणि मागायला त्याहूनही गोड होता. सगळं सामान घरात येऊन पडल्यावर तो एका संध्याकाळी रव्याच्या गोड बसबुसाचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला, "माझ्या चुलतभावाच्या बायकोने एसी आणलाय. कंपनी दुसरं कर्जही देते म्हणे." नहला औषधाच्या दुकानात काम करायची आणि दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिला कमी बोलायची सवय झाली होती. तिने अंगठी काढून बशीत ठेवली. "तू एसीशीच लग्न कर," ती म्हणाली. "घर थंड राहील आणि तुला उलट बोलायलाही कुणी नसेल."

त्यानंतर बहगतने सामान विकायला काढलं. दुकानदाराने निम्मी किंमत सांगितली.

"अरे, खोकंसुद्धा फोडलेलं नाही."

"दुकानाच्या पायरीखाली उतरलं की जुनं झालं, काका."

बहगतने त्याच्या पायरीबद्दल जे काही सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कचेरीने पगारातून उचल द्यायला नकार दिला. मेहुण्याने मनापासून दुःख व्यक्त केलं आणि तो अलेक्झांड्रियाला निघून गेला.

मग वाइलच्या आईचा, हाज्जा सनिय्याचा निरोप आला. "एसी राहू दे. ठरलेल्या गुरुवारी लग्न उरकून टाकू. आहेर येईल, कर्ज फिटेल. पोरीच्या जिभेचं मनावर घेऊ नका, लग्नानंतर ती आपोआप आत जाते." यात वाईट काय आहे हे गावात कुणालाच कळेना. शेजारी म्हणाले, करून टाका. चहावाला म्हणाला, आधी आहेर घ्या, नाहीच पटलं तर पुढे तलाक आहेच. अतियातसुद्धा गप्प बसली, आणि अतियात गप्प बसली म्हणजे निम्मं घर तिकडे झुकलं असं समजायचं.

नहला मुलुखियाची भाजी बारीक चिरत होती. वर न बघताच ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला तुरुंगात जावं लागणार असेल तर मी करते लग्न."

मुलगी असं सहज म्हणाली, भाजी चिरता चिरता म्हणाली, याचा बहगतला भयंकर राग आला. कंपनीचा आला, वाइलचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, कारण क्षणभर त्यालाही सुटल्यासारखं वाटलं होतं.

"व्याजापायी मुलगी द्यायची असेल," तो उठत म्हणाला, "तर मग कंपनीलाच जावई करतो ना. निदान ती वेळेवर घरी तरी येते."

तो तडक हुदहुदकडे गेला. हुदहुद म्हणजे गावातला आहेर पुकारणारा. मांडव, खुर्च्या, दिवे, माईक आणि माईकमागचा आवाज, सगळं त्याचंच. गुरुवारसाठी त्याला विसार दिलेला होता.

"लग्न रद्द. विसार परत दे."

"विसार परत देत नसतात, बहगतभाऊ."

"लग्नच नाही तर मांडव कशाला?"

"ते तुम्ही ठरवा. मांडव, माईक आणि मी गुरुवारी तुमच्या गल्लीत येणार. कारण तुम्ही शोधा. मुलाची सुंता करा."

"मला मुलगा नाही."

"हजहून कुणी आलंय?"

"कर्जात बुडालेला माणूस हजला जातो का?"

"सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना?"

"मोतीबिंदूला आहेर किती येतो?"

हुदहुदने धंद्यातल्या माणसाचा चेहरा केला. "पुरा आहेर फक्त लग्नाला. सुंतेला निम्मा. मोतीबिंदूला लोक संत्री घेऊन येतात."

घरी येऊन बहगतने हे सगळं सांगितलं तेव्हा नहलाने सुरी खाली ठेवली. "मग सरळ सांगा ना," ती म्हणाली. "मुलीचं लग्न मोडलं, त्याचा आनंद आहे. जेवायला या."

"लोक हसतील," अतियात म्हणाली.

"हसत हसत देऊ देत."

हुदहुदला कळवलं तेव्हा त्याने बोटांवर मोजलं. "मुलगी आहे, बाप आहे, मांडव आहे, जेवण आहे," तो म्हणाला. "नवऱ्यावाचून काही अडतं असं दिसत नाही. तसाही तो कोपऱ्यात घाम पुसत बसलेला असतो."

दुसऱ्या दिवसापासून बहगत मीटर वाचता वाचता घरोघर आमंत्रण देऊ लागला. गावात दोन तट पडले. कसाई शलबीने तर त्याला दारातच अडवलं.

"लग्न झालं नाही तर आहेर कसला परत करायचा?"

"तुझ्या धाकट्याच्या लग्नात मी दिला होता?"

"दिला होता."

"ते लग्न किती टिकलं?"

शलबीने गल्लीकडे पाहिलं. "रमझानपर्यंत."

"मी पैसे परत मागायला आलो? नाही. लोक आधी लग्न लावतात, मग मोडतात. मी मधला खर्च वाचवलाय, एवढंच. गुरुवारी ये, आणि मटण तुझ्याकडूनच घेणार आहे, उधारीवर."

गुरुवारी संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर गल्लीत दिवे लागले. शोभेच्या दोन खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे दोन्ही आल्या. एकीवर नहला बसली. दुसरी रिकामी दिसायला लागली तसा बहगत स्वतःच तिच्यावर जाऊन बसला, कारण दिवसभर उभं राहून त्याचे पाय सुजले होते. सगळा गाव आला होता. निम्मे आहेर परत करायला आले होते आणि निम्मे कोण परत करतंय ते बघायला. फत्त्याची ताटं फिरू लागली, भात, पाव आणि वर मटण, आणि पोटात गेल्यावर दोन्ही तट बरेच मऊ झाले.

पहिलाच आला इस्त्रीवाला. हुदहुदने नोट दिव्यासमोर धरली.

"इस्त्रीवाले मुतवल्ली यांच्याकडून पन्नास पौंड," त्याचा आवाज सगळ्या गल्लीत घुमला. "हे बहगतभाऊंनी त्यांच्या लग्नात दिलेले पन्नास. तेव्हा पन्नासात अर्धी मेंढी यायची. मुतवल्लीभाऊंनी ते इतकी वर्षं सांभाळून ठेवले, एक पौंड वाढू दिला नाही. याला म्हणतात जपणूक."

हसण्याचा कल्लोळ झाला. मुतवल्लीने घाईघाईने खिशात हात घातला आणि पन्नासाचे पाचशे झाले. त्याच्या मागे रांगेत उभी असलेली माणसं आपापल्या नोटा पुन्हा मोजू लागली. बहगतला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. आपला पैसा गावात इतकी वर्षं नुसता झोपला होता आणि कंपनीचा चोवीस तास पळत होता, या अन्यायाची कुणीतरी माईकवरून दखल घेतली होती.

रमझीही आला होता. तो मांडवाच्या खांबाआड उभा राहून मनातल्या मनात बेरीज करत होता. हुदहुदच्या नजरेतून पाहुणा कधी सुटत नाही. "आणि कर्जाच्या कंपनीकडून," तो गरजला, "आपले रमझीसाहेब." सगळ्या माना वळल्या. रमझीने दोनशे पौंड काढून दिले आणि परत जाताना बहगतच्या कानाशी वाकून विचारलं, "काका, हे दंडात धरायचे नाहीत ना?"

"हे तुझ्या लग्नात परत मिळतील."

"मला कोण मुलगी देणार? मी वसुलीला जातो."

रांग संपत आली. हुदहुदने दोन गाण्यांच्या मध्ये येऊन आकडा सांगितला. कर्ज फिटत होतं, व्याज फिटत होतं, पण दंड आणि दंडावरचं व्याज तेवढं उरत होतं. बहगतने गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. यायचं बाकी कुणीच नव्हतं. अतियातने हातातल्या बांगडीकडे पाहिलं, तिच्याकडे ती एकच उरली होती. नहला ताठ बसून राहिली.

तेवढ्यात ढोलकीवाला थांबला. गल्लीच्या टोकाकडून काळ्या बुरख्यात हाज्जा सनिय्या येत होती, एकटीच, हातात पर्स घट्ट धरून.

तिच्या थोरल्याच्या लग्नात बहगतने घसघशीत आहेर केला होता, शिवाय तांदळाचं पोतं दिलं होतं, आणि ते हुदहुदनेच पुकारलं होतं. तो परत केला नाही तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. परत करावा तर आपल्याच मुलाला नाकारल्याच्या आनंदात करावा लागतो.

"थोडं सरका," ती बहगतला म्हणाली. बहगत उठून उभाच राहिला. तिने पर्स उघडली आणि नोटांचं बंडल हुदहुदच्या हातात ठेवलं. हुदहुदने मोजलं, पुन्हा मोजलं, आणि त्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बारीक निघाला. बहगतने दिलं होतं त्याच्या तिप्पट होतं. राहिलेला दंड त्यात आरामात बसत होता.

"सनिय्याच्या घरातून कमी आलं असं कुणी म्हणायला नको," ती म्हणाली. "मोठ्याने पुकार."

"पुकारतो, हाज्जाबाई. पण कशाबद्दल म्हणून पुकारू?"

ती रिकाम्या झालेल्या खुर्चीवर नहलाच्या शेजारी बसली. सगळ्यांना वाटलं, आता ती तोंड सोडणार. अतियात पुढे सरकली. पण सनिय्याने नहलाच्या ओढणीवर पडलेला भाताचा कण टिपला आणि फक्त तिला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"वाइलचा बाप असाच होता, पोरी. माझ्या आधी त्याला माझ्या बांगड्या दिसल्या. मी हे माझ्या बापाला सांगितलं, रडून सांगितलं. मांडव तेव्हाही होता, माईकही होता. बाप म्हणाला, आता कुणाकुणाचे आहेर परत करू?"

नहलाने तिचा हात धरला.

"मग काय पुकारू?" हुदहुदने पुन्हा विचारलं.

"मुलीच्या बापाला सलाम म्हण," सनिय्या मोठ्याने म्हणाली. "आणि गावाला ऐकू दे, ईदनंतर माझ्या वाइलचं दुसरीकडे लग्न आहे. मी आज दिलंय ते भर घालून परत आलं पाहिजे. माया वेगळी, व्यवहार वेगळा."

हुदहुदने पुकारलं. रमझीने खांबाआड बेरीज संपवली आणि सुटकेचा निःश्वास टाकला, जणू कर्ज त्याचंच होतं. बहगत मान खाली घालून उभा राहिला. वाइलच्या आहेरासाठी पैसे कुठून आणायचे हा विचार त्याच्या डोक्यात आधीच सुरू झाला होता. पण मग त्याने समोर पाहिलं. सनिय्या नहलाच्या ताटातलं मटण खात होती आणि नहला तिला विचारत होती, "खाला, त्या दुसरीला हे सगळं कुणी सांगितलंय का?"

सनिय्याचा घास हातातच थांबला. "नाही," ती म्हणाली. "तिचा बाप कचेरीत तुमच्याच शेजारी बसतो, बहगत. आणि त्याने विसार हुदहुदलाच दिलाय. लग्न झालं नाही तरी मांडव येणारच."