कौसल्यावहिनी आणि ओटीपी

मोबाइल बघण्याच्या नादात रघु परबने दुपारपासून दोनदा मिरच्या करपवल्या. मोबाइलवर समुद्र होता आणि समुद्रात एक ठिपका. ठिपका म्हणजे जहाज. त्या जहाजात 'मालन मसाले'ची खोकी जर्मनीतल्या एका दुकानाकडे निघाली होती. लालबागचा आपला मसाला परदेशी जावा, ही त्याच्या बायकोची, मालनची, फार इच्छा. मसाला निघाला, पण तोवर मालन राहिली नव्हती.

"बाबा, ठिपका थांबलाय," लॅपटॉपसमोर बसलेली प्राची म्हणाली.

"बुडाला?"

"बुडेल कशाला! पुढे लढाई चाललीय, रस्ता बंद. माल मधल्या बंदरावर उतरवून दुसऱ्या जहाजात चढवणार. पण त्या बंदराचा देश आणि पुढचा देश एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

"मग संपलंच की!"

"नाही हो. देश बोलत नसले तरी त्यांचे कंप्युटर बोलतात. दोघांची मंजुरी आली पण. आता आपली राहिली. पाचच्या आत नाही दिली, तर खोकी परत."

"मग दे ना लवकर!"

"ओटीपी आईच्या नंबरवर गेलाय."

दुकानाचा नंबर अजून मालनचाच होता. रघुने तो बदलू दिला नव्हता. तिचा बटणांचा फोन शेजारच्या कौसल्यावहिनींकडे असायचा. मालनच्या मागे मसाला त्याच बघायच्या, जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरीही त्याच घ्यायच्या. आज त्या फोनसकट हिंदमाता मार्केटला साडी घ्यायला गेल्या होत्या.

रघुने फोन लावला. "वहिनी, मी रघु. आता एक मेसेज आलाय, त्यातला नंबर वाचा पटकन!"

"कोण रे तू?"

"अहो, रघु! नंबर दिसत नाही का माझा?"

"नंबर पण चोरता तुम्ही, माहितेय मला. मेल्या, गेलेल्या बाईच्या फोनवर धंदा करतोस? लाज नाही वाटत?" फोन कट.

मागच्या महिन्यात चाळीतल्या एकाला फोनवरून गंडवलं, तेव्हा रघुनेच गॅलरीत खुर्चीवर उभं राहून भाषण ठोकलं होतं, "ओटीपी कुणाला सांगायचा नाही! माझ्या नंबरवरून, माझ्या आवाजात फोन आला तरी नाही!" सगळ्यांत जोरात टाळ्या कौसल्यावहिनींनी वाजवल्या होत्या.

मग प्राचीने फोन केला. "मावशी, मी प्राची."

"पोरीचा पण आवाज काढलात मशीनवर? पगार किती देतात रे तुम्हाला?" कट.

प्राचीने कपाळाला हात लावला. "दोन दुश्मन देश हो म्हणाले, आणि मावशी नाही म्हणते!"

पाच वाजत आले होते. तिने ओटीपी पुन्हा मागवला. रघुने पुन्हा फोन लावला.

"वहिनी, पाया पडतो, ठेवू नका. काय पण विचारा मला."

मागून दुकानदाराचा आवाज आला, "ताई, ही हिरवी पॅक करू?"

"थांब जरा, चोर पकडलाय." मग वहिनी फोनमध्ये म्हणाल्या, "खरंच रघुभाऊ असशील तर सांग. मसाल्यात शेवटची मूठ मालन कसली टाकायची?"

समोरचा मसालेवाला अजित कान टवकारून पायरीपर्यंत आला होता. पण त्याच्यापासून लपवायला रघुकडे होतं काय? एवढा संसार झाला, पण ती मूठ त्याने कधी बघितली नव्हती.

"मला काय माहीत!" तो शेवटी ओरडला. "नेमकी तेव्हाच ती मला चहा आणायला पिटाळायची! आता तुम्ही पिटाळता!"

तशी वहिनी म्हणाल्या, "अगं बाई! भाऊच की हे! चोर असता तर काहीतरी ठोकून दिलं असतं. थांबा, चष्मा लावते."

वहिनींनी एकेक आकडा वाचला, प्राचीने एकेक दाबला. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"झालं, बाबा. जातोय आईचा मसाला."

रघु मिरच्यांच्या पोत्यावर बसला तो बराच वेळ उठला नाही. प्राचीने पंखा त्याच्याकडे वळवला.

संध्याकाळी वहिनी हिरवी साडी घेऊन आल्या. नवा मसाला पाटीत तयार होता. रघु म्हणाला, "वहिनी, आता तरी सांगा. शेवटची मूठ कसली?"

वहिनींनी पायरीवरच्या अजितकडे बघितलं, मग रघुकडे.

"भाऊ, जरा चहा आणता?"

रघुने किटली उचलली. नाक्यावर चहा लगेच मिळाला, तरी तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. लवकर परत आलं की मालन ओरडायची.