चार चाकांची तुला

"नवसाच्या मापाला हात लावाचा नाय, राजश्री. दुकानदार लावतात. आपुन नाय."

बायजाबाईंनी सुनेला हे सांगितलं तेव्हा त्या ओटीवर बसून कोलंबी सोलत होत्या. सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण कोणतंही व्रत धरताना राजश्रीला आधी त्यांचा आवाज ऐकू येई. सोमवार, गुरुवार, संकष्टी, सगळं वेळच्या वेळी चाले. घरात तिचा आवाज कधी चढला नव्हता. तशी वेळ आलीच तर ती एक उपास वाढवी, आणि तिचा नवरा भगवान त्याला आवाजापेक्षा जास्त घाबरे.

गेल्या वर्षी भगवानच्या छातीत कळ आली. दवाखाना झाला, नळी घालून झाली, आणि डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: वजन अठ्ठ्याहत्तरवर आणा आणि रोज बांधावर एक फेरी मारा. बांध घराच्या मागेच होता. कामोठ्याच्या गावठाणात त्यांचं घर, मागं खाडीपर्यंत मच्छीचे तलाव, तलावांमधून मातीचा बांध आणि बांधाच्या टोकाला देवीचं देऊळ. दवाखान्यातून आल्या आल्या राजश्री देवळात गेली आणि पदर पसरून म्हणाली, "आई, यांचं वजन अठ्ठ्याहत्तर झालं की तेवढ्याच गुळाची तुला करीन. तोवर मी भात खाणार नाही."

भाताशिवाय जेवण म्हणजे त्या गावात नुसतं तोंड चाळवणं. राजश्री भाकरी खाऊ लागली.

भगवाननं फेरी सुरू केली. डॉक्टरांनी बांधावर फेरी मारायला सांगितली होती, कशावर बसून ते सांगितलं नव्हतं. त्याचा चुलतभाऊ कान्हा अलिबागेकडे समुद्रावर पर्यटकांना एटीव्हीवरून फिरवायचा. तो धंदा त्यानं बंद केला आणि चार जाड चाकांची, मोटारसायकलसारख्या हँडलची एक पिवळी गाडी भगवानला देऊन टाकली. तिच्या दोन्ही बाजूंना 'सागर सफारी' असं लिहिलेलं होतं. भगवान रोज सकाळी डोक्याला तेल चोपडून सफारीवर निघे, देवळापर्यंत जाई, बसल्या बसल्या हात जोडी आणि परत येई.

वजन अर्थातच उतरत नव्हतं. पण वजनकाटा स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी होता. एके दिवशी तोल जाऊन भगवानचा हात फ्रिजवर टेकला आणि काट्यावरचा आकडा खाली आला. हात जितका दाबावा तितकं वजन उतरतं, हे त्याच्या लक्षात आलं. पुढचे काही महिने तो नियमानं, थोडं थोडं, डॉक्टरांना शोभेल अशा बेतानं उतरत गेला.

त्यानं हे स्वतःसाठी केलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण रोज दुपारी राजश्री समोर बसून कालवणात भाकरी कुस्करी, आणि कुस्करता कुस्करता तिची नजर त्याच्या ताटातल्या भातावरून हळूच फिरून जाई. ती काही बोलत नसे. न बोलणाऱ्या बायकोसमोर जेवणं फार अवघड असतं.

मग एका सकाळी त्यानं हाक मारली. "राजश्री, वाच गं किती झाला."

राजश्रीनं वाकून वाचलं. अठ्ठ्याहत्तर. तिनं काट्याला हळदकुंकू वाहिलं. भगवान तसाच बाजारात गेला आणि वाडा कोलम तांदळाची आख्खी गोणी घेऊन आला. त्या दुपारी पहिल्या घासाला तिनं डोळे मिटले. भगवान तोंड फिरवून टीव्ही बघत राहिला. टीव्ही बंद होता.

तुला चैत्रात, देवीच्या जत्रेला करायची ठरली. वाशीच्या घाऊक बाजारातून बरोबर अठ्ठ्याहत्तर किलो गूळ आला आणि देवघरात पाटावर रचला गेला. तो देवळापर्यंत न्यायचा तर बांधावरून, आणि बांधावरून जाईल अशी एकच गाडी घरात होती.

नेमकी ती गाडी हल्ली बसली होती. म्हणजे भगवान बसला की तीही खाली बसे, आणि खड्डा आला की आतून ठण्ण करून आवाज येई. एके सकाळी ठण्ण झालं, हँडल वळलं आणि सागर सफारी सावकाश तलावात उतरली. भगवान चिखलातून वर आला तो निदान करूनच आला.

"शॉकअप गेलेत," तो म्हणाला.

मितेशचं गॅरेज कामोठ्यातच हायवेच्या बाजूला होतं. मितेशनं गाडीखाली वाकून बघितलं. "काका, हे बदलून टाका. सेटिंगवाले नवीन टाकू. तुमचं वजन किती?"

"माजं कशाला? गाडीला शॉकअप पायजे."

"स्प्रिंग माणसाच्या वजनावर असते ना. हलका माणूस, नरम स्प्रिंग. भारी माणूस, कडक. माणूस बसला की गाडी थोडी खाली बसली पाहिजे. जास्त नाय, कमी नाय."

भगवाननं मागं पाहिलं. राजश्री बाकावर बसून जप करत होती. तिचे ओठ थांबले होते.

"अठ्ठ्याहत्तर," भगवान म्हणाला.

मितेशनं त्याला वरून खालपर्यंत बघितलं, मग खालून वरपर्यंत. "कपड्यांसकट?"

"कपडे मी हलकेच घालतो."

"त्यांनी सांगितलं तेवढंच आहे, भाऊ," राजश्री हळू आवाजात म्हणाली. "देवीपुढचा आकडा आहे तो."

मितेश जैन, स्वतः रोज देरासरात दर्शनाला जाणारा. देवापुढच्या आकड्यावर तो वाद घालत नसे. त्यानं अठ्ठ्याहत्तरची स्प्रिंग बसवली.

दोन दिवसांत गाडी परत गॅरेजात आली. "ठन्न करते," भगवान म्हणाला. मितेशनं स्प्रिंगवरची रिंग थोडी कसली. गाडी पुन्हा आली. मितेशनं रिंग आणखी कसली. तिसऱ्यांदा त्यानं ती कसायची तेवढी सगळी कसली आणि पाना खाली ठेवला. "काका, आता याच्यापुढे रिंगच नाय."

रविवारी सीवूड्सहून लेक भाग्यश्री आणि जावई आशुतोष आले. आशुतोष अंगानं चवळीच्या शेंगेसारखा, आणि सासऱ्यांना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

"जरा चक्कर मारून बघा," भगवान त्याला म्हणाला. "मला सांगा खालून लागतं का."

खालून लागलं नाही. पहिल्या खड्ड्याला गाडीनं आशुतोषला सीटवरून उचललं, दुसऱ्याला आणखी वर उचललं, आणि तिसऱ्या खड्ड्याला गाडी बांधावर राहिली. तलावात पाणी कमरेएवढं होतं. आशुतोष त्यात उभा राहिला, चष्मा काढून त्यानं ओल्या शर्टाला पुसला आणि म्हणाला, "बाबा, थोडी कडक वाटते."

भगवाननं बांधावरूनच फोन लावला. "मितेश, तुजा शॉकअप माज्याखाली मरतो नि जावयाला उडवतो. डुप्लिकेट माल दिलास तू मला."

"काका, दुकानावर बापाचं नाव आहे. मी येतो घरी. सगळ्यांसमोर मोजू."

मितेश दुपारी आला तो जॅक, टेप आणि खडू घेऊनच. आशुतोष अंगणात सासऱ्यांचा लेंगा दोनदा गुंडाळून बसला होता. भाग्यश्री त्याला आलं घातलेला चहा पाजत होती.

"सोपं आहे," मितेशनं गाडीला हात लावून सांगितलं. "रिंग परत पहिल्या जागेवर आणली आहे. माझी स्प्रिंग अठ्ठ्याहत्तरची आहे. हिच्यावर अठ्ठ्याहत्तर किलो ठेवायचे. गाडी बरोबर बसली तर माल खरा. नाय बसली तर पैसे परत, आणि दुकान बंद. घरात अठ्ठ्याहत्तर किलोचं काय आहे?"

"काय नाय," भगवान म्हणाला.

"आहे," राजश्री म्हणाली.

"अगं, देवीचा गूल हाय तो."

"देवीकडे याच गाडीवरून जायचा आहे. आज नुसता बसून बघेल."

आशुतोषनं आणि मितेशनं ढेपा आणून सीटवर, पाय ठेवायच्या जागी, पुढच्या दांड्यावर रचल्या आणि दोरीनं बांधल्या. गाडी सावकाश, शहाण्या म्हशीसारखी, थोडी खाली बसली. मितेशनं टेप लावला. "एक नंबर. बघा, काकी. जिथे पाहिजे तिथेच थांबली. आता गूळ उतरवा. काका, बसा."

भगवान बसला. गाडी जिथे पाहिजे तिथे थांबली नाही. ती खाली गेली, आणखी खाली गेली, आणि तळाला टेकल्यावर आतून लहानसं टक झालं.

"गुलाला काय," भगवान म्हणाला. "तो जिवंत नाय. मानूस श्वास घेतो."

"मग रोखा श्वास, काका."

भगवाननं श्वास रोखला. गाडी तिथंच राहिली. त्यानं चपला काढल्या, मोबाईल काढला, किल्ल्यांचा जुडगा भाग्यश्रीकडे दिला. गाडीनं कशाचीच दखल घेतली नाही.

"बाबा," भाग्यश्री हळूच म्हणाली, "तेल पण पुसून टाका केसांचं."

"तू गप बस."

राजश्री पुढं आली. तिनं गाडीकडे बघत मितेशला विचारलं, "भाऊ, गुळावर आणखी किती ठेवलं म्हणजे गाडी एवढीच बसेल?"

मितेशला हा प्रश्न कामाचा वाटला. एकदम तळाला टेकलेल्या गाडीवरून काही कळत नाही, म्हणून त्यानं रिंग पुन्हा पूर्ण कसली, भगवानला बसवलं आणि गाडी जिथं थांबली तिथं मागच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली. मग भगवानला उतरवून पुन्हा गूळ चढवला. गाडी रेघेच्या बरीच वर थांबली.

"काहीतरी जड आणा," मितेश म्हणाला.

आशुतोष लेंगा सावरत कोठीत गेला. दारातच जी जड वस्तू दिसली ती उचलून त्यानं आणली आणि ढेपांवर ठेवली. गाडी खाली आली आणि बरोबर रेघेवर येऊन थांबली.

ती वाडा कोलमची गोणी होती.

तलावावरून एक बगळा उडाला. राजश्रीनं गाडीला हात जोडले, कारण तुला झाली होती. जत्रेला नाही, देवळात नाही, तागडीनं नाही, पण झाली होती. एकीकडे यजमान बसून उठला होता आणि दुसरीकडे गूळ बसला होता. मधलं अंतर सगळं तांदळाचं होतं.

"काका, मी उद्या खरी स्प्रिंग टाकतो," मितेश सामान आवरताना म्हणाला. त्याला जिंकल्याचा आनंद झाला नव्हता. भगवाननं मान हलवली.

"आशुतोषराव," राजश्री म्हणाली, "ती गोणी कोठीत मागं, भिंतीला लावून ठेवा. एवढ्यात लागायची नाही."

संध्याकाळी लेक-जावई गेल्यावर तिनं पानं घेतली. भगवानच्या ताटात भात होता. तिच्या ताटात भाकरी होती. भगवान भाताकडे बघत राहिला.

"राजश्री, मी ते..." तो म्हणाला. "तू भात खावास म्हणून."

"माहीत आहे."

"मला बघवत नव्हतं गं."

"तेही माहीत आहे. देवीलाही माहीत असेल. पण माप ते माप." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "फ्रिजवर रोज तेलाचा पंजा असायचा. मी पुसायची. मला वाटायचं, तुम्ही थंड पाणी पिता."

"आता जत्रेला काय करायचं? गूल आनलाय."

"गूळ टिकतो."

भगवाननं न उष्टावलेलं ताट बाजूला सरकवलं. "एक भाकरी दे मला पन," तो म्हणाला. ती दुरडीतच होती. राजश्रीनं आधीच दोन जास्त थापल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मितेशनं कडक स्प्रिंगा बसवल्या. भगवान देवळापर्यंत जाऊन आला. ठण्ण झालं नाही, टक झालं नाही. हातात चहाचा कप असता तरी सांडला नसता. त्या गाडीवर इतका सुखाचा प्रवास त्यानं कधीच केला नव्हता, आणि तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा कुणीतरी टाकून बोलल्यासारखा झाला होता. त्याला कुणीच काही बोललं नव्हतं.

त्याच्या पुढच्या सकाळी वजनकाटा स्वयंपाकघरात नव्हता. अंगणाच्या मधोमध होता. भोवती ठिपक्यांची रांगोळी होती, आणि चारी बाजूंना हात टेकायला काही नव्हतं. भगवान काट्यावर चढला. हातांचं काय करावं हे न सुचून त्यानं ते जोडले. आकडा वाचला, कुणाला सांगितला नाही, आणि रांगोळी न मोडता खाली उतरला.

फोन वाजला. मितेश होता. "काका, गाडी कशी चालते?"

"बरोब्बर. एकदम माज्या मापाची झालीय." भगवाननं आवाज खाली आणला. "ऐक. त्या नरम स्प्रिंगा फेकू नको. ठेव संभालून. लागतील."

"कधी, काका?"

"सांगतो."

त्यानं गाडीची किल्ली आत नेऊन बायजाबाईंच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवली. आज डोक्याला तेल लावलं नव्हतं. स्वयंपाकघरात राजश्रीनं मागच्या फाटकाची कडी वाजलेली ऐकली आणि गाडीच्या आवाजाची वाट बघितली. तो आला नाही. तिनं तवा चुलीवर ठेवला.

बाहेर भगवान 'सागर सफारी'च्या बाजूनं, तिच्याकडे न बघता, बांधावर चढला आणि देवळाच्या दिशेनं चालू लागला.