चार सायकलींचा ट्रॅक

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून गोष्ट ऐकू येत नाही, झोप येते. मन एकाग्र करा, सांगतो.

गोष्ट आमच्या दाजींची, म्हणजे ताईच्या यजमानांची. ते स्वतःची ओळख अशी करून देतात: "नजर घारीची, नाक श्वानाचं, आणि बुद्धी मात्र संपूर्ण माझी स्वतःची." शेवटच्या मुद्द्यावर घरात कुणाचं दुमत नाही. मी त्यांचा मेहुणा आणि सहायक. देवाने नेमून दिलेलं काम, तक्रार नाही.

ताई दवाखान्यात नर्स. सकाळी आठला मोठ्या रस्त्याकडेच्या सायकल ट्रॅकवरून जाते, संध्याकाळी सहाला परत येते. एक दिवस तिथल्या खांबावर पालिकेची नोटीस लागली. 'पाहणीत दिवसाला चार सायकली आढळल्या. सोमवारपासून ट्रॅक बंद. जागा मोटारी लावण्यासाठी.'

"चार?" ताई कडाडली. "नुसत्या माझ्या पुढेच चाळीस जण असतात! आता मी ट्रकांच्या मधून जाऊ? मागे खांदा मोडला तेवढा पुरे नाही झाला?"

दाजींनी भिंग उचललं. "छत्तीस सायकलस्वार बेपत्ता. हे अपहरण आहे."

दुपारी दोनला आम्ही ट्रॅकवर. दाजी पालथे पडून म्हणाले, "टायरचे ठसे शेकडो, माणूस एकही नाही. निष्कर्ष, सायकली एकट्याच फिरतात."

मी लिहून घेतलं.

इतक्यात पंक्चर सायकल ढकलत एक सुतार आला. दाजींनी त्याची कॉलर धरली. "सायकलस्वार असून पादचाऱ्याचं सोंग! टोळीत किती जण?"

"काका, पंप आहे का?"

"सांकेतिक भाषा," दाजी माझ्या कानात पुटपुटले.

कडेला छत्रीखाली पालिकेचा कारकून वही घेऊन बसला होता; सोमवारपर्यंत मोजणी चालू ठेवायचा हुकूम, म्हणून अजून सायकली मोजत होता. दाजींनी त्याला संशयातून वगळलं. इतका कंटाळलेला माणूस गुन्हा करूच शकत नाही म्हणे.

गुरुवारी ताईला सुट्टी होती. आमचा डबा घेऊन ती ट्रॅकवर आली आणि सरळ कारकुनाकडे गेली.

"भाऊ, मोजायला कधी बसता?"

"दहा ते पाच. ऑफिसची वेळ."

"अहो, लोक दहाच्या आत कामावर पोचतात आणि पाचनंतर सुटतात!"

"हो ना. सकाळी ही गर्दी असते! मलाच वाट मिळत नाही."

"म्हणजे तुम्ही सायकलने येता?"

"रोज. ह्याच ट्रॅकवरून."

"मग स्वतःला मोजलंत?"

"छे! ड्यूटीआधीचं कसं मोजणार, ताई? नियमात नाही बसत."

ताई नुसती उजवा खांदा चोळत उभी राहिली. कारकुनाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

शुक्रवारी त्याने रजा टाकली आणि सकाळी सातलाच येऊन बसला. दहापर्यंत सहाशे बारा सायकली. आकडा साहेबांच्या टेबलावर गेला आणि संध्याकाळी नोटीस उतरली.

दाजी अजून सांगतात, छत्तीस जणांना आपण सोडवलं. सांगोत बापडे. कारकुनाला मात्र वरून पत्र आलं: रजेवर असताना काम का केलं, याचा लेखी खुलासा करावा.

तेव्हा माझं एवढंच मागणं. कधी सायकलवरून सुखरूप कामावर पोचलात, तर देवाला हात जोडताना त्या कारकुनाचीही आठवण काढा. तो अजून खुलासा लिहितोय.