गुलाबभाऊंच्या फ्रिजमधली झाडं

आमचे शेजारी गुलाबभाऊ यांच्या फ्रिजमध्ये दूध नसतं, दही नसतं, झाडं असतात. पाहुण्याने थंड पाणी मागितलं की भाऊ ओठांवर बोट ठेवतात. "हळू बोला. झोपले हायेत ते."

ते म्हणजे हनीबेरीची दोन झुडपं, कुंड्यांसकट. भाऊंची मुलगी कॅनडात, तिच्या अंगणात बर्फातही तग धरणारं हे झुडूप आहे. त्याची निळी, लांबट फळं खाताखाता नात व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आबा, तुमच्याकडे नाही ना हे?" झालं!

"काऊन नाई?" भाऊ म्हणाले. "तू होळीले ये. आपल्या अंगनातलं तोडून देतो."

आणि आमचं गाव भद्रावती! उन्हाळ्यात नळाला पाणी येतं ते आंघोळीपुरतं तापूनच. भाऊंनी थेट पहाडातून रोपं मागवली. उन्हाळाभर झुडपांना कूलर, भाऊंना पुठ्ठ्याचा पंखा. दिवाळीनंतर कळलं, की कडक थंडीत नीट झोपल्याशिवाय ती फुलतच नाहीत. आमच्या थंडीत त्यांची डुलकीही होईना. मग फ्रिजच्या जाळ्या निघाल्या, कुंड्या आत गेल्या आणि भाऊंच्या दुधाचं पातेलं, म्हणजे आमच्याकडचा गंज, आमच्या फ्रिजमध्ये आला.

काकू, म्हणजे भाऊंची बायको, वारल्यापासून भाऊ एकटेच. सकाळ-संध्याकाळ दूध न्यायला यायचे, माझी बायको चहा टाकायची, की भाऊंचं व्याख्यान सुरू.

"भाऊ, दोन-दोन कशाला?" मी एकदा विचारलं.

"दोन जातीचे लागते बाप्पा. एकटं झाड फळ नाई धरत."

संक्रांतीनंतर कुंड्या बाहेर आल्या. फुलं आली तसे भाऊ दाढीचा ब्रश घेऊन इकडचा पराग तिकडे लावत बसले. गल्लीतल्या बाया हसून हसून बेजार. पण खरंच फळं धरली! मूठभरही नाहीत, पण निळीशार.

अन् होळीच्या तोंडावर फोन आला. जावयाला सुट्टी नाही, पुढच्या वर्षी बघू. मला फार वाईट वाटलं. भाऊंनी फळं डबीत भरली आणि आमच्या फ्रीझरमध्ये आणून ठेवली. "पुढच्या वर्षी येऊन खाईन ना नात. काऊन नाई?" आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

झुडपं आता अंगणात, कूलरसमोर. एका संध्याकाळी बायको थट्टेनं म्हणाली, "भाऊ, तुमचा फ्रिज तं मोकळा झाला. दूध अजून इथीच काऊन?"

भाऊंनी फ्रिजमधून गंज बाहेर काढला.

"नेतो ना बाई, आजच नेतो," ते हळूच म्हणाले. "घरी चहा कराले गेलो का हातानं दोन कप निघते. मंग एकट्याले पेववत नाई."

बायकोने त्यांच्या हातातून गंज घेतला आणि परत आमच्या फ्रिजमध्ये ठेवला.

"राहू द्या इथीच. दिवाळीनंतर तुमचा फ्रिज झाडाईले लागन ना?"

"लागन ना! काऊन नाई?" म्हणत भाऊंनी खुर्ची ओढली. चहा तिने आधीच टाकला होता.