लव्हॉनच्या मापाची बंदूक

बंदुकीतलं मला कळतं! आमच्या पंचक्रोशीत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, हे खरं म्हणजे लोकांनी म्हणायचं. पण लोक कामात असतात, म्हणून मलाच म्हणावं लागतं. पेट्रोलपंपावर दोन माणसं हरणांबद्दल बोलत उभी दिसली की मी गाडी वळवतो, टाकी भरलेली असली तरी! सल्ला मागायची त्यांच्यावर वेळच येत नाही. तो त्याआधीच दिलेला असतो.

त्यामुळे सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी माझ्या बायकोने जेवताना विषय काढला, तेव्हा मला वाटलं, अखेर या घरातही आपली कदर झाली.

"ऑरिन," माझ्या ताटात बटाटे वाढत लव्हॉन म्हणाली, "यंदा बाबांच्या मचाणावर मी बसणार."

"तू? बंदूक घेऊन?"

"नाही, लोकर आणि सुया घेऊन!"

लव्हॉन अगदी लहान चणीची आहे. गाडी चालवताना खाली उशी घेतल्याशिवाय तिला रस्ता दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्याला वाटतं, गाडी एकटीच निघालीय! तिचे वडील, आर्व्हिड, ईस्टरच्या सुमाराला गेले. दलदलीच्या काठावर, देवदाराला टेकून त्यांचं मचाण आहे. उत्तर विस्कॉन्सिनमधल्या त्या रानात जन्मभर दर नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या हंगामात, म्हातारा तिथेच बसला. आता त्या मचाणावर लव्हॉनच्या भावाचा, ड्वेनचा डोळा होता. तो उघडपणे तसं सांगतही होता. आर्व्हिडच्या घरात बंदूक चालवणारा तोच उरला होता, त्यामुळे त्याला कोण अडवणार?

"तू तर बंदुकीला हातसुद्धा लावत नाहीस," मी म्हणालो.

लव्हॉनने पळी खाली ठेवली. मग तिने जे सांगितलं ते मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं. ती चौदा वर्षांची असताना आर्व्हिडने तिच्या हातात स्वतःची अवजड बंदूक दिली होती. पहिल्याच बाराला ती मागे चिखलात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी समोर हरीण आलं, आणि त्या दणक्याच्या धास्तीने चाप ओढताना तिने डोळे मिटले. हरीण नुसतं जखमी झालं आणि पळालं. बापलेक अंधार पडेपर्यंत शोधत राहिले. ते सापडलं नाही.

"बाबा एका शब्दाने बोलले नाहीत," ती म्हणाली. "पण मी पुन्हा गेले नाही. ते दर वर्षी विचारायचे, येतेस का? आणि मी दर वर्षी काहीतरी काम काढायचे."

मी माझ्या ताटातला सगळ्यात मोठा बटाटा तिच्या ताटात ठेवला. माझ्या बाबतीत हे क्वचितच घडतं.

"मला न दुखवणारी बंदूक बघ, ऑरिन. मी बघेन तिथेच गोळी गेली पाहिजे. पुन्हा एखादं जनावर तसं पळालेलं मला सोसायचं नाही. ते जमणार नसेल तर मी चढणारच नाही. मग मचाण ड्वेनला खुशाल द्या."

"हात्तिच्या! एवढंच ना?" मी म्हणालो. लहान बाई, म्हणजे हलकी बंदूक! यात विचार करण्यासारखं होतंच काय?

दुसऱ्या दिवशी मी बर्निसच्या दुकानात हजर. बर्निस एकाच काउंटरवर बंदुका, गळाला लावायची गांडुळं आणि ताजं चीज विकते.

"बर्निस, दुकानातली सगळ्यात हलकी बंदूक काढ!"

"कुणासाठी?"

"लव्हॉनसाठी."

"मग हलकी नको बघूस. हलकी जी असते ना, ती—"

"बर्निस, मी हरणांमागे हिंडत होतो तेव्हा तू पाळण्यात होतीस!"

"मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, ऑरिन."

"तरीसुद्धा!"

तिने खांदे उडवले आणि उंच डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्यांसाठी बनवलेली एक बंदूक काढून दिली. केरसुणीइतकी हलकी! काडतूस मात्र भलंथोरलं, अस्वलालाही पुरेल असं. म्हटलं, वा, वजन नाही आणि ताकद आहे, अजून काय पाहिजे?

आम्ही खडीच्या जुन्या खाणीत सरावाला गेलो. लव्हॉनने कानांवर आवाज अडवणाऱ्या वाट्या चढवल्या, बंदुकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी तू."

मी ऐटीत बंदूक खांद्याला लावली, वर बसवलेल्या दुर्बिणीतून समोर निशाण म्हणून ठेवलेला डबा बघितला आणि चाप ओढला. पुढचं मला नीट आठवत नाही. खेचराने लाथ घातली असं वाटलं! डोळे उघडले तेव्हा मी आकाश बघत होतो, आणि कपाळावरून काहीतरी गरम नाकावर उतरत होतं.

"कशी आहे?" लव्हॉनने विचारलं.

"छान! हलकी आहे!"

मागे उसळलेल्या दुर्बिणीची कड माझ्या भुवईवर बसली होती. तिथे सुबक अर्धचंद्र उमटला होता. आमच्याकडे शेंबडं पोरही हा चंद्र ओळखतं. तो नवशिक्यांना मिळतो. परत येताना पेट्रोल भरायला थांबलो, तर पंपावरच्या माणसाने निरखून पाहिलं.

"काय ऑरिन, शिकायला सुरुवात केलीस वाटतं?"

"कपाटाचं दार लागलं!"

"कपाटाला दुर्बीण बसवलीस होय?"

लव्हॉन खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

जड बंदूक दणका स्वतः पिते आणि हलकी बंदूक तो सगळा आपल्या खांद्याला देते, हे बर्निस मला सांगणार होती. ते आता माझ्या भुवईने सांगितलं. पण माघार घेईल तो ऑरिन कसला! बंदूक बदलायची नाही, खांदा बदलायचा! लव्हॉनच्या कोटाला आतून जाड गादी शिवायची. गादी कशाची? मऊ हवी, जाड हवी, दाबली तरी परत फुगणारी हवी. विचार करत किराणा दुकानात फिरत होतो, आणि समोरच्या फळीवर मला उत्तर दिसलं. मोठ्या माणसांचे डायपर! सगळ्यात जाड होते ते मी दोन मोठे पुडे उचलले.

काउंटरवर पैसे देतोय तोच मागून खांद्यावर हात पडला. ड्वेन!

"ऑरिन," तो खालच्या आवाजात म्हणाला, "यात लाजण्यासारखं काही नाही. वय होतं माणसाचं."

"अरे, माझ्यासाठी नाहीत! लव्हॉनसाठी आहेत!"

ड्वेनचा चेहरा पडला. "अरेरे! तिला? इतक्या लवकर?"

"तसं नाही रे! खांद्याला लावायला!"

"खांद्याला," तो समजुतीने म्हणाला. "बरं, बरं. कुणाला सांगत नाही मी."

आणि त्याने खरंच फक्त आपल्या बायकोला सांगितलं. शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशाचं जेवण असतं, सगळं गाव जमतं. आम्ही शिरलो तर बायकांनी लव्हॉनसाठी खुर्ची धरून ठेवलेली, नेमकी बाथरूमच्या दाराशेजारची! एकीने तिचा हात थोपटला. दुसरीने तिच्यासमोरची कॉफी हळूच बाजूला सरकवली.

"ऑरिन, या सगळ्या माझ्याकडे अशा का बघतायत?"

"तुझा स्वेटर नवा आहे ना," मी माशात डोकं खुपसून म्हणालो.

तेवढ्यात ड्वेन उभा राहिला. माणूस वाईट नाही हो! डोळ्यांत पाणी आणून बोलत होता.

"लव्हॉन, तुझ्या मनात बाबांच्या मचाणावर बसायचं होतं, मला कळलंय. पण या अवस्थेत दिवसभर थंडीत बसणं तुला झेपायचं नाही. मी बसेन तुझ्याऐवजी. तू आराम कर."

लव्हॉनने आधी ड्वेनकडे पाहिलं, मग बाथरूमच्या दाराकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. डायपरचे पुडे आणि त्यांच्या गादीचा बेत तिला घरी मीच ऐटीत दाखवला होता. मग ती खुर्चीवरून उठली. उठल्याने तिच्या उंचीत फारसा फरक पडत नाही, पण तळघर चिडीचूप झालं.

"ड्वेन, मचाणावर मीच बसणार आहे! आणि मी पूर्णपणे कोरडी आहे!"

पाद्रीबुवांच्या हातातला काटा ताटात पडला.

गाडी गावाच्या टोकाला आल्यावर ती म्हणाली, "बर्निसकडे थांब. तू खाली उतरायचं नाहीस." मी बसून राहिलो. काचेतून दोघी दिसत होत्या. बर्निस लव्हॉनच्या कोपरापासून बोटापर्यंत बंदुकीचा खांद्याला टेकणारा दस्ता लावून बघत होती. एक ठेवली, दुसरी घेतली, दुसरी ठेवली, पुन्हा पहिली घेतली. लव्हॉन काहीतरी विचारत होती आणि ऐकून घेत होती.

ती घेऊन आली ती पोरांसाठी बनवलेली बंदूक होती. आखूड दस्त्याची, लहान काडतुसाची, खांद्याशी रबराची जाड पट्टी असलेली.

"ही तर त्या केरसुणीपेक्षा जड आहे!" मी म्हणालो.

"थोडी. उचलवते मला. आणि ती माझ्या खांद्यात बसते. त्या दुसरीला तुझे डायपर लावले असते तर दस्ता इतका लांब झाला असता की मला चापच सापडला नसता."

पुन्हा खाणीत गेलो. पहिल्या बाराला तिने ओठ घट्ट मिटले. धप्प! बस, इतकंच. ती वळून माझ्याकडे बघत राहिली, कुणीतरी लहानपणापासून खोटं सांगत आलं होतं असं तोंड करून.

"आता एक कर," ती म्हणाली. "मला न दाखवता बंदूक भर. कधी खरं काडतूस घाल, कधी खोटं. खोट्याला धडाका होत नाही, पण मनात धास्ती असेल तर हात आधीच दचकतो आणि नळी हलते. त्या हरणानंतर बाबा मला हे शिकवणार होते. मी गेलेच नाही."

मी भरत गेलो, ती चाप ओढत गेली. मधेच मी खोटं काडतूस घातलं. टक्. नळी जागची हलली नाही. पुन्हा घातलं. टक्. दगडासारखी स्थिर! लव्हॉनने बंदूक खाली ठेवली आणि हातमोज्याने डोळे पुसले.

"आता तू," ती म्हणाली. "तुझ्या बंदुकीने."

माझी मोठ्या काडतुसाची थर्टी-ऑट-सिक्स बंदूक म्हणजे माझा अभिमान. तिने पाठ करून ती भरली आणि माझ्या हातात दिली. मी निशाणा धरला, चाप ओढला. टक्. आणि त्या शांततेत माझ्या बंदुकीच्या नळीने गाय चाऱ्यात तोंड घालते तशी खाली मान घातली. चाप ओढताना माझे डोळे मिटले होते, उघडले तेव्हा मला हे दिसलं. तिने पुन्हा पुन्हा भरून दिली; एकदा नाही, प्रत्येक वेळी तेच.

वारा होता म्हणून, मधे फांदी आली म्हणून, ऊन डोळ्यावर होतं म्हणून, अशी माझी कितीतरी हरणं चुकली होती. त्या सगळ्या फांद्या तिथेच माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेल्या. लव्हॉनने फक्त माझ्या बंदुकीचा पट्टा माझ्या खांद्यावर सारखा केला. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी ती वडिलांच्या मचाणावर चढली. मी पलीकडच्या ओढ्याशी बसलो होतो. उजाडून थोडा वेळ झाला आणि तिचा बार ऐकू आला. मी कान देऊन बसलो. दुसरा बार आला नाही. मी धावत गेलो तर लव्हॉन बर्फात एका नर हरणाशेजारी गुडघ्यांवर बसली होती. हात त्याच्या मानेवर.

"जागच्या जागी, ऑरिन," ती म्हणाली. "त्याला कळलंसुद्धा नाही." मग ती रडली, आणि मला म्हणायला लाज वाटत नाही, मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जरा इकडेतिकडे बघून विचारलं, "तुझी बंदूक आज मोकळीच आहे ना?"

तिने ती माझ्याकडे दिली.

ओढ्याशी एक तगडा नर आला. मी निशाणा धरला. जन्मात पहिल्यांदा चाप ओढताना माझे डोळे उघडे होते! हरीण उभ्या जागी कोसळलं. पण माझे हात लांब, दस्ता पोराच्या मापाचा. त्यामुळे मूठ थेट नाकाशी आलेली होती, आणि माझ्याच अंगठ्याने माझं नाक फोडलं. रुमाल आमच्या शिकारीच्या कॅम्पमध्ये राहिलेला. नाक धरून मी कॅम्पच्या दिशेने म्हणून बर्फातून बराच वेळ भटकलो आणि शेवटी एका ओंडक्यावर मान वर करून बसलो.

बार ऐकून लव्हॉन निघाली होती. तिला आधी बर्फावरचे रक्ताचे थेंब दिसले. तिला वाटलं, पुन्हा एक जखमी हरीण पळालं! पण या वेळी सोडायचं नाही, असं ठरवून ती एकेक थेंब बघत, वाकून, झाडाझुडपांतून माग काढत आली. पार शेवटपर्यंत आली. झुडूप बाजूला करून तिने पाहिलं, आणि इतका मोठा निःश्वास टाकला की फांदीवरचा बर्फ माझ्या डोक्यावर पडला.

"सापडलं!" ती म्हणाली.