सातवीच्या वर्गाचं दार

साळवे गुरुजी फळ्याकडे वळले तेव्हा वर्गात सात मुलं होती. 'सहा माणसं एक विहीर' एवढं लिहून ते परत वळले, तेव्हा माधुरी तेवढी उरली होती, आणि तिचाही एक पाय उंबऱ्याबाहेर होता. चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती मागे राहिली होती.

"बाकीचे?"

"गेले."

"कुठून?"

माधुरीला प्रश्न कळला नाही. तिने दाराकडे पाहिलं, म्हणजे दार जिथे असायला हवं होतं तिथे.

शनिशिंगणापूरच्या शिवेला लागून असलेल्या त्या वस्तीत कुठल्याच घराला दार नव्हतं. देव राखण करतो तिथे कडीकोयंडा लावणं म्हणजे देवावर संशय घेणं, असं गाव मानत होतं. घरांना नाही तर शाळेला कुठून असणार? कुत्री आत येऊ नयेत म्हणून चौकटीत एक फळी टेकवून ठेवत. सातवीतली मुलं कुत्र्यांपेक्षा उंच उडी मारत.

यशया साळवे गुरुजी नगरचे. त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर, सहामाहीत गणितात गेलेल्या सात जणांसाठी त्यांनी शाळा सुटल्यावर जादा तास सुरू केला होता. तालुक्याहून तसं परिपत्रकच आलं होतं. त्यात 'मागे पडलेले विद्यार्थी' आणि 'पालकांचा सहभाग' या दोन गोष्टींवर भर होता. पहिली गोष्ट गावात मुबलक होती. दुसरीचं काय करायचं हे गुरुजींना अजून सुचलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ते सरपंचांकडे गेले. सरपंच ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"एक लोखंडी जाळी बसवू द्या," गुरुजी म्हणाले. "तेवढ्या तासापुरती."

"जाळी म्हंजी दारच की."

"मुलं निघून जातात हो."

"गुरुजी, या गावातनं आजवर सुई चोरीला गेली न्हाई."

"मुलं चोरीला जात नाहीत, सरपंच. आपल्या पायांनी जातात."

"मग ती चोरी न्हाई," सरपंचांनी निकाल दिला. "तिला दार कशाला?"

गुरुजी घरी येऊन परिपत्रक पुन्हा वाचत बसले, आणि 'पालकांचा सहभाग' या शब्दांपाशी त्यांना वाट दिसली. जाळी नाही तर नाही. रोज एका पालकाने चौकटीत बसायचं.

पहिला मान योगेशच्या वडिलांना, छगनला मिळाला. छगन इतका किडकिडीत होता की त्याच्या दोन्ही बाजूंनी मुलं एकाच वेळी निघून गेली. दुसऱ्या पालकाला डुलकी लागली. तिसऱ्या दिवशी माधुरीचे वडील गोरक्षनाथ येऊन बसले आणि वर्गात अंधार झाला. चौकट आणि गोरक्षनाथ यांच्यामध्ये वहीचं पान सरकवायलाही फट उरली नव्हती. गुरुजींनी कंदील लावला आणि रोज त्यांनीच यावं अशी विनंती केली.

गोरक्षनाथ लगेच कबूल झाला. देवळाच्या वाटेवर त्याचं तेलाचं, रुईच्या माळांचं दुकान होतं. शनिवार सोडला तर संध्याकाळी तिथे माशा असत. पण कबूल होण्याचं कारण वेगळं होतं. सहामाहीचा निकाल लागला त्या दिवशी त्याची बायको रंगुबाई म्हणाली होती, "आता वार्षिकला नापास झाली की दुकानात बसंल. बास झाली शाळा." गोरक्षनाथ बायकोपुढे बोलत नसे. तो मान हलवायचा, आणि ती मान होकाराची की नकाराची हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही रंगुबाईला ठरवता आलं नव्हतं. माधुरीने सोनईच्या हायस्कुलात जावं, एवढीच एक गोष्ट त्याच्या मनात होती. ती साधण्यासाठी नुसतं बसायचं असेल, तर बसण्यात तो तरबेज होता.

दोन दिवस तास सुरळीत चालला. तिसऱ्या दिवशी गावातली सगळ्यांत वयस्क बाई, बायडाबाई, काठी टेकत शाळेसमोर आली. तिने गोरक्षनाथाकडे बराच वेळ पाहिलं.

"गोरख, ऊठ बरं."

"तास चालू हाय, मावशे."

"म्हंजी तू उठनार न्हाईस?"

"न्हाई."

"आत जाता येत न्हाई, भाईर येता येत न्हाई," बायडाबाई म्हणाली. "याला काय म्हनत्यात ठावं हाय का? दार. गावात दार बसलं."

संध्याकाळी लिंबाखाली बैठक भरली. माणूस दार होऊ शकतो का, यावर बराच खल झाला. गोरक्षनाथाला उभं करून पाहिलं, बसवून पाहिलं. शेवटी सरपंचांनी तोडगा काढला. "दार काय ऐकत न्हाई, मानूस ऐकतं. 'सरका' म्हनलं की गोरखनं सरकायचं. सरकला तर मानूस, न्हाई सरकला तर दार."

दुसऱ्या दिवशी योगेश उठला, नम्रपणे म्हणाला, "काका, सरका," आणि गोरक्षनाथ सरकला. योगेशमागोमाग बाकीचे गेले. माधुरीला वडिलांसमोर पळायची लाज वाटली म्हणून ती थांबली.

गुरुजी पुन्हा सरपंचांच्या ओट्यावर.

"सरपंच, समजा तुम्ही उंबऱ्यात बसलाय. आतून कुणी बाहेर निघालं तर तुम्ही काय करता?"

"इचारतो. कुठं निघाला, जेवला का."

"म्हणजे माणूस सरकण्याआधी काहीतरी विचारतो."

"इचारतोच की. न इचारता सरकायला ते काय दार हाय?" सरपंच म्हणाले, आणि आपण नेमकं काय बोललो याचा विचार करत राहिले.

"मग गोरक्षनाथांनी एक गणित विचारावं. उत्तर बरोबर आलं की सरकावं."

बायडाबाईनेही मान्यता दिली, एका अटीवर. "सगळ्यांला सारखं. पोर असू दे न्हाईतर पाटील असू दे. एकाला इचारलं अन् एकाला सोडलं, तर ते दारच."

या व्यवस्थेत एकच खोट होती, आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही. गोरक्षनाथ चौथीतून शाळा सोडून गेला होता.

"सहा मानसं एक विहीर धा दिवसांत खनत्यात," त्याने गुरुजींनी पढवलेलं गणित योगेशला घातलं. "तर पंधरा मानसं किती दिवसांत?"

"नव्वद," योगेश डोळ्यांत डोळे घालून म्हणाला.

त्या आत्मविश्वासापुढे गोरक्षनाथ सरकला. दुसऱ्याने 'सतरा' सांगितलं, तोही गेला. तिसरा नुसतं 'व्हय' म्हणाला आणि गेला. गुरुजी खडू हातात धरून पाहत राहिले. मागे उरलेल्या माधुरीला त्यांनी विचारलं, "तुझं उत्तर?"

"पंचवीस."

"अगं, माणसं वाढली ना? मग दिवस वाढतील की कमी होतील?"

"वाढतील."

"कसे?"

"मानसं वाढली की गप्पा वाढत्यात, गुरुजी."

चौकटीतून आवाज आला, "बरूबर हाय."

घरी जाताना वाटेत मुलं हसत होती. योगेश म्हणाला, "माधे, तुझा बाप म्हंजी लई चांगलं दार हाय. कुनीबी ढकलावं." घरी येऊन माधुरीने दप्तर उघडलं आणि चुलीजवळ जेवायला बसलेल्या वडिलांसमोर पाटी ठेवली.

"आबा, हे शिका."

"मी?"

"उद्या तुमाला कुनी फसवायचं न्हाई."

तिने पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण चारदा वाचलं आणि मग त्यांना सांगायला सुरुवात केली. "आधी एका मानसावर आनायचं. सहा मानसांला धा दिवस, तर एकट्याला किती?"

"एकटा कशाला खनंल? बाकीची पाच कुठं गेली?"

"गेली न्हाईत. मनात धरायचं."

"बरं. मग एकट्याला जलमभर लागंल."

"साठ दिवस, आबा."

"अन् पंधरा मानसं विहिरीत उतरनार कशी? परीघ केवढा हाय?"

रंगुबाई तव्यावरून वळून म्हणाली, "पंधरा मानसांच्या भाकरी कोन थापनार ते आधी इचार."

"आई, गनितातली मानसं जेवत न्हाईत," माधुरी म्हणाली. मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "बोलत पन न्हाईत. नुसती खनत्यात." ती पाटीकडे बघत राहिली. "म्हंजी साठ दिवसांचं काम पंधरा जनांत वाटायचं. गप्पा न्हाईत, काय न्हाई. चार दिवस."

"चारच?"

"चारच."

"लई गुनी मानसं दिसत्यात," गोरक्षनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी योगेशने पुन्हा नव्वद सांगितलं. गोरक्षनाथ हलला नाही. "एका मानसावर आन."

"काय?"

"आधी एका मानसावर आन, मग बोल."

त्या दिवसापासून शाळेतलं वातावरण पालटलं. जे गणित दुसऱ्या दिवशी असेल, ते आदल्या रात्री माधुरी आबांना शिकवी. आबांना एक गोष्ट तीनदा सांगावी लागे, आणि चौथ्यांदा ते असा काही प्रश्न विचारत की तिला पुस्तक पुन्हा उघडावं लागे. नळाने हौद भरायचं गणित आलं तेव्हा, एक नळ भरतोय आणि दुसरा रिकामा करतोय हे कळूनही घरातली माणसं गप्प का बसली, यावर रंगुबाई दोन दिवस चिडून होती. इकडे वर्गातून बाहेर पडायला दुसरा रस्ता नसल्यामुळे मुलं शिकू लागली. एकदा वाट चुकलेली एक यात्रेकरू बाई शाळेसमोर आली, चौकटीत मांडी घालून निश्चल बसलेला माणूस पाहून तिने त्याच्यापुढे नारळ ठेवला आणि हात जोडले. तिने 'सरका' म्हटलं नव्हतं, त्यामुळे गोरक्षनाथाने काही विचारलं नाही. नारळ सगळ्यांनी खाल्ला.

फेब्रुवारीत तालुक्याहून विस्तार अधिकारी आले. जादा तास कागदावरच चालतात अशी त्यांची खात्री होती. चार गावांतले तास त्यांनी तसे पकडून बंदही केले होते. राजदूत फटफटी लिंबाखाली लावून, घाम पुसत ते चौकटीपाशी आले. गुरुजींनी आतून त्यांना पाहिलं. साहेबांनी तास बंद केला तर परीक्षेआधीचे शेवटचे दीड महिने वाया जाणार होते, आणि अपूर्णांक अजून व्हायचे होते. माधुरीनेही त्यांना पाहिलं. तिला फक्त दुकान दिसलं.

"सरका," साहेब म्हणाले.

गोरक्षनाथाने वर पाहिलं. "सहा मानसं एक विहीर धा दिवसांत खनत्यात. तर पंधरा मानसं किती दिवसांत?"

"काय?"

गोरक्षनाथाने गणित पुन्हा, सावकाश सांगितलं. आतून गुरुजी हातवारे करत होते, पण दार मागे वळून पाहत नाही. समोर लिंबाखाली बायडाबाई काठीवर हनुवटी टेकून बसली होती आणि बघत होती.

"चार," साहेब वैतागून म्हणाले. "सरका आता."

"एका मानसावर कुठं आनलंत?"

"काय गरज? सहाची पंधरा झाली म्हणजे अडीचपट. दहाला अडीचने भागा. चार."

"आधी एका मानसावर आनायचं असतं."

"अहो, उत्तर बरोबर आहे ना?"

"उत्तर बरूबर हाय," गोरक्षनाथ दिलगिरीने म्हणाला, "पन तुमी ते कुठनं आनलं ते मला ठावं न्हाई. मला असं सरकता येत न्हाई, सायेब."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. ते कशासाठी, हे गुरुजींना कळलं. तेवढ्यात माधुरी उठून चौकटीशी आली. तिने वडिलांच्या खांद्यावरून साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे, ओठ हलवत काहीतरी मोजलं.

"आबा, त्यांचं बी बरूबर हाय."

"एका मानसावर न्हाई आनलं त्यांनी."

"न्हाई आनलं तरी चालतं. मानसं जितक्या पटीनं वाढली तितक्या पटीनं दिवस कमी. तुमच्या वाटंनं बी तिथंच जातं. वाट दुसरी हाय, गाव एकच."

"तुला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई. आत्ता दिसलं."

गोरक्षनाथाने मान हलवली आणि तो सरकला. साहेब आत आले. त्यांनी माधुरीला आणखी दोन गणितं घातली, दोन्ही तिने दोन-दोन वाटांनी सोडवली. जाताना त्यांनी शेरा लिहिला : 'तास प्रत्यक्षात चालतो. पालकांचा सहभाग भरीव.' मग बाहेर पडण्यासाठी त्यांना आणखी एक गणित करावं लागलं. ते हौदाचं होतं. त्याला वेळ लागला.

वार्षिक परीक्षेत सातही मुलं गणितात पास झाली. निकाल ऐकून रंगुबाई म्हणाली, "आता दुकानात कोन बसनार?" गोरक्षनाथाने मान हलवली. या वेळी ती कशाची होती हे तिला कळलं.

जूनमध्ये तो माधुरीला घेऊन सोनईच्या हायस्कुलात गेला. आठवीचा वर्ग लांबच्या टोकाला होता. माधुरी आत जाऊन तिसऱ्या बाकावर बसली. गोरक्षनाथ वर्गापर्यंत आला, आणि सवयीने उंबऱ्यात मांडी घालून बसला. वर्गात अंधार झाला. मुली मागे वळून पाहू लागल्या. माधुरीने मान खाली घातली, मग वर केली, आणि वडिलांकडे पाहून अगदी थोडंसं हसली.

शिपाई आला. "पाव्हणं, सरका. दार लावायचंय."

गोरक्षनाथाने त्याच्याकडे पाहिलं. विहीर, माणसं, हौद, नळ, सगळं त्याच्या जिभेवर आलं. शिपाई किल्ल्यांचा जुडगा धरून उभा होता.

गोरक्षनाथ सरकला. काही न विचारता.

शिपायाने पत्र्याचं दार ओढलं. आतून कुणीतरी कडी लावल्याचा आवाज आला, तसा आवाज त्यांच्या वस्तीत कुणी ऐकला नव्हता. शिपाई निघून गेल्यावर गोरक्षनाथाने त्या दारावर तळहात ठेवला, जरासा दाबून पाहिला, वाकून खालची फट बघितली.

"पातळ हाय," तो म्हणाला, आणि परतीची जीप गाठायला निघाला.