सलाईनचं चाक

आधीच सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले तीन दातही पडोत.

एका शिंप्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जखमेत जंतू शिरला. जंतू असा हट्टी, की साध्या औषधांना भीकच घालेना. तो वठणीवर येईल असं एकच औषध हाताशी होतं, व्हँकोमायसिन. ते नाही चाललं तर पाय जाणार, मग शिलाई मशीन चालवणार कशाने?

नर्सने सलाईनमधून औषध लावलं आणि बजावलं, दोन तास लागतील, नळीवरच्या चाकाला कुणी हात लावायचा नाही. आणि गेली दुसऱ्या खोलीत.

शिंप्याजवळ बसली होती त्याची थोरली बहीण. फार समजूतदार बाई, दिसायलाही बरी. शेजारी तिचा नवरा, म्हणजे शिंप्याचे भावोजी. ते पाणीपुरवठ्यातले निवृत्त फिटर. पस्तीस वर्षं तक्रारी ऐकून त्यांच्या डोक्यात एकच बसलेलं, पाणी थेंब थेंब आलं की वर कुठेतरी अडलंय. नळीतले थेंब बघून त्यांना काही राहवेना. त्यांनी चाक पूर्ण सोडलं.

"आता कसं, प्रेशर आलं," ते म्हणाले.

दहा मिनिटांत शिंपी कराकरा खाजवायला लागला. तोंड लाल, मान लाल, छाती लाल. गिऱ्हाइकाने ब्लाउज तोंडावर फेकला तेव्हाही तो इतका लाल झाला नव्हता. भावोजींनी घाईघाईने चाक होतं तिथे आणलं, घंटा दाबली आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

नर्सने सलाईन बंद केलं. डॉक्टरीणबाई आल्या, रक्तदाब बघितला, खाजेवर इंजेक्शन दिलं. मग त्यांनी विचारलं, बाटली एवढी रिकामी कशी? भावोजी खिडकीतूनच म्हणाले, कुठेतरी गळत असेल. नर्स बिचारी फडकं घेऊन कॉटखाली शिरली.

तासाभराने शिंप्याचा रंग जागेवर आला. डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली.

"याला हे औषध सोसत नाही असं लिहून ठेवते. पुन्हा द्यायचं नाही."

"मग माझा पाय?" शिंपी म्हणाला.

डॉक्टरीणबाई पेनाचं टोपण काढू लागल्या. थोरल्या बहिणीने नवऱ्याकडे असं काही बघितलं, की त्यांचा घसा आपोआप साफ झाला.

"बाई, तुमच्या लाइनला प्रेशर जरा जास्त झालं होतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीच केलं."

डॉक्टरीणबाईंनी टोपण परत लावलं. भराभर गेलं की हे औषध माणसाला असंच लाल करतं, ती अ‍ॅलर्जी नव्हे, हे त्यांनी भावोजींना इतक्या शांतपणे समजावलं, की ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून तेच औषध तीन तास घेऊन थेंब थेंब जाऊ लागलं. मूत्रपिंडावर भार येतोय का म्हणून अधूनमधून रक्तही तपासलं. पाय वाचला. नर्स मात्र शेवटपर्यंत चाकाला चिकटपट्टी लावून जायची.

सगळं खरं आहे. एवढीच एक गोष्ट पदरची, की भावोजी त्या दिवशी दवाखान्यात नव्हतेच. ते घरी मोरीचा नळ दुरुस्त करत होते. आता फिटरबरोबर चाळीस वर्षं संसार केल्यावर माझा हात चाकाकडे जाणार नाही तर काय?